मधातच उठलेली

"बाळ झोपलं का, ताई?" असं त्या माणसानं विचारलं, आणि माझ्या पायाचा अंगठा थांबला. अंगठ्याला दोरी होती, दोरीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत सोनू. दोन्ही हात मोबाइलला मोकळे राहावेत म्हणून दुपारी मी अशीच बसते, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. आमच्या तांड्यात बाया अशाच बसून गोधडी शिवत. कापसाचा भाव कोणी ठरवावा यावर मी फेसबुकच्या एका ग्रुपवर लिहीत होते. चांगलं लिहीत होते. समोरच्याचा मुद्दा जवळजवळ मोडला होता, शेवटचं एक वाक्य राहिलं होतं, तेवढ्यात सोनू कुरकुरला म्हणून उठले, त्याला छातीशी घेतलं, पुन्हा झोळीत घातलं आणि परत येऊन पाहते तर माझ्या अर्ध्या उत्तराखाली त्याचं एवढंच. भाव नाही, सरकार नाही, वेगळा विदर्भ नाही. बाळ झोपलं का. मी ते पुन्हा वाचलं, मग फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला, जसं काही तो माणूस त्या काचेतून खोलीत पाहत होता. मला बाळ आहे असं मी त्या ग्रुपवर कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

खाली आर्णी रोडवरून कापसाचा टेम्पो गेला आणि त्याच्या मागे उडालेले धागे आमच्या खिडकीच्या जाळीला येऊन चिकटले. या दिवसांत जाळी रोज पांढरी होते. मी ती रोज झाडते, कारण सुनील सांगतो की यंदा कापसावर काय काय फवारलं आहे ते फवारणाऱ्यालाही माहीत नाही. सुनील, माझा नवरा, बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आहे. मोटारसायकलवर बाभुळगाव, महागाव, पार उमरखेडपर्यंत जातो. बोंडअळीचं वर्ष. लोक त्याला बांधावर थांबवतात, बोंड फोडून त्याच्या तळहातावर ठेवतात आणि त्याच्याकडं पाहत राहतात. एकदा कुणीतरी त्याच्या पिशवीत दोन बोंडं टाकली होती. ती घरी आली, मी पिशवी झटकली, आणि फरशीवर ती गुलाबी अळी निवांत चालायला लागली, सोनूच्या झोळीच्या दिशेनं. ती एवढीशी होती. मी संध्याकाळपर्यंत फरशी घासत होते. सुनील म्हणाला, "ती माणसाले काही करत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." मला पुष्कळ गोष्टी माहीत असतात. माहीत असल्यानं भीती कमी होते असं मला कॉलेजात वाटायचं.

ग्रुपचं नाव उलटसुलट. अश्वजित नावाच्या इथल्याच, पण आता पुण्यात शिकवणाऱ्या मुलानं तो फेसबुकवर काढला. सकाळी फुलांचे फोटो टाकायचे नाहीत आणि कुणाला आडनावावरून बोलायचं नाही, असे त्याचे नियम. पहिला नियम सगळे पाळतात. दुसरा दुपारपर्यंत मोडतो, मग अश्वजित संध्याकाळी येऊन दु:ख व्यक्त करतो. मी त्यात कशी गेले ते आठवत नाही. राहिले का ते आठवतं. पहिल्याच आठवड्यात मी वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं काहीतरी लिहिलं आणि यू. एस. मुनेश्वर नावाच्या माणसानं खाली लिहिलं, "जमना राठोड यांचं म्हणणं चुकीचं आहे, पण विचार करून चुकलेलं आहे." त्याच्या प्रोफाइलच्या फोटोत माणूस नव्हता, एक कडुलिंब होता. मी दिवसभर ते वाक्य घेऊन घरात फिरले. भाजीत मीठ टाकलं की नाही ते कळलं नाही. कुणीतरी माझं म्हणणं पूर्ण वाचलं होतं आणि ते चुकीचं आहे असं मला सांगण्यासाठी वेळ काढला होता.

मुनेश्वरांना ग्रुपवर सगळे अमेरिका म्हणत, त्या यू. एस. वरून. "आज अमेरिकेचा काय आदेश?" असं कुणी विचारलं की ते लिहीत, "अमेरिका सध्या भाकर खाऊन राह्यली. मंग बोलते." आणि खरंच थोड्या वेळानं येऊन बोलत. राज्य वेगळं झालं तर फक्त मालक बदलेल, हे त्यांचं कायमचं. मालक जवळ आला की त्याला हाका तरी मारता येतात, हे माझं. रोज तेच, पण रोज वेगळ्या वाटेनं. आमच्या तांड्यावर नायकाच्या अंगणात नसाब बसायची, तांड्याचा न्याय करायला. माझे वडील नेमसिंग तिथं बोलायला लागले की पाण्याचा गडवा खाली ठेवल्याचाही आवाज यायचा. बाया आतल्या दारात, पदराआडून ऐकायच्या. मी आईच्या मांडीजवळ. कोण हरणार ते मला दुसऱ्या वाक्यालाच कळायचं, कधी कधी उत्तर ओठावर यायचं आणि मी ते हळूच म्हणायची, मग आई मांडीला चिमटा घ्यायची. पुढं राज्यशास्त्र घेऊन मी बी. ए. झाले, तरी तो चिमटा मांडीवर होताच. उलटसुलटवर तो नव्हता. तिथं मी वाक्य पूर्ण करू शकत होते. म्हणजे सोनू उठेपर्यंत.

आणि आता याच मुनेश्वरांना माहीत होतं की मला बाळ आहे. मी फोन पुन्हा हातात घेतला आणि माझं सगळं जुनं लिहिलेलं उघडून बसले. हमीभाव, कर्जमाफी, आरक्षण, उमरखेडची बस वेळेवर का येत नाही, सगळं. कुठं सांडलं असेल मी? दूध, दवाखाना, लस, ताप, असा एखादा शब्द? स्वतःचंच लिहिलेलं मी परक्या माणसासारखी वाचत गेले आणि त्यात मला कुठंच बाळ दिसलं नाही. दिसली ती एक अशी बाई, जिला घर नाही, भूक नाही, जिला फक्त मतं आहेत. मला तिचा हेवा वाटला. मग वाटलं, लिहिण्यात नसेल तर पाहण्यात असेल. समोरच्या पानठेल्यावर एक माणूस मोबाइल पाहत उभा होता. अशी माणसं रोज उभी असतात. मी खिडकी लावली. खोलीत वास कोंडला, दुधाचा आणि सुनीलच्या कपड्यांचा. त्याचे कपडे मी वेगळ्या बादलीत धुते, तरी तो वास जात नाही. सोनूच्या तळपायावरचा काजळाचा ठिपका पुसट झाला होता, मी तो पुन्हा गडद केला, आणि करताना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच दुसऱ्या पायावरही केला.

याच्या आधी एक मुलगी होती. आराध्या. मोबाइलवर नावं शोधून सुनीलनं आणि मी मिळून ठेवलेलं नाव. पहिली दिवाळी तिनं पाहिली, होळी नाही पाहिली. न्यूमोनिया म्हणाले. तांड्यावर नेलं तेव्हा बाया आल्या. आमच्याकडं बाया भेटल्या की गळ्यात पडून चालीत रडतात, त्या रडण्यात विचारणंही असतं आणि सांगणंही असतं, एकीनं म्हणायचं, बाई, तुझी मैना कुठं उडाली, दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्यायचं. त्या माझ्या गळ्यात पडून विचारत होत्या आणि माझ्याकडं चाल नव्हती. मी नुसती उभी राहिले. कॉलेज शिकलेली आहे, असं कुणीतरी म्हणालं, टोमणा म्हणून नाही, समजावण्यासाठी. मग आम्ही यवतमाळला परत आलो, आणि या खोलीत कुणी काही विचारलंच नाही. घरमालकीण विमलताई खालून म्हणाल्या, "पाणी येऊन राह्यलं, भरून घ्या." मी भरून घेतलं.

सोनू झाला तेव्हा माझी सासू, सोनीबाई, तिला मी याडी म्हणते, महागावच्या तांड्यावरून आली ती ठरवूनच आली होती. "याले उकिरड्यावर टाकू," म्हणाली. टाकायचं म्हणजे टाकून द्यायचं नाही. नुसतं क्षणभर ठेवायचं, शेजारच्या कांताबाईनं येऊन उचलायचं, कुणाचं लेकरू आहे, मले सापडलं, म्हणायचं, आणि मी सूपभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून घ्यायचं. म्हणजे ते माझं नाही. म्हणजे माझ्याकडून न्यायला जो येतो त्याला ते सापडत नाही. आणि नाव कचरू. "इतकं गोड नाव होतं पोरीचं," याडी म्हणाली, "कायले ठेवलं तसं? आता याले सोनू म्हणून राह्यले तुम्ही. सोनं म्हटलं का चोर येतेच न बाई." मी म्हटलं, उकिरड्यावर जंतू असतात, धनुर्वात होईल. मी अंधश्रद्धा हा शब्दसुद्धा वापरला, तिच्या तोंडावर. ती जाताना सोनूला घेऊन दारात उभी राहिली आणि त्याच्या कानात हळूच काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं ते. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. तेव्हापासून सोनूला साधी सर्दी झाली तरी ती आधी माझ्या नावावर लागते. याडी काही बोलत नाही. फोनवर फक्त विचारते, "छोरा बरा आहे न?" आणि मी उत्तर देईपर्यंत ती श्वास धरून असते ते मला इथं ऐकू येतं.

म्हणून मी दुपारी त्या ग्रुपवर जाते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला ते पुरतं कळलेलं आहे. देशाची काळजी ही फार मोठी, फार मोकळी काळजी असते. तिच्यात पुष्कळ लोक मावतात. देश बुडतो आहे असं मी पोटतिडकीनं लिहीत असते तेव्हा माझी छाती खरोखर हलकी असते, कारण बुडायचंच असेल तर सगळे मिळून बुडणार असतात. सोनूच्या श्वासाकडं कान लावून बसते तेव्हा मी एकटी असते. बाकीचे का येतात? महिन्यातून एकदा तरी कुणीतरी जाहीर करतो की हा ग्रुप आता भांडखोरांचा झाला, मी निरोप घेतो. निरोपाची पोस्ट सगळ्यात लांब असते. दोन दिवसांनी तो गुपचूप परत येतो आणि आपल्या निरोपाखाली कोण काय म्हणालं ते वाचतो, आणि पुरेशा लोकांनी जाऊ नका म्हटलं नसेल तर त्या रागात पुन्हा भांडायला लागतो. आम्ही त्याला हसतो. पण तो परत आला की ग्रुपला बरं वाटतं, हे मी पाहिलेलं आहे. कुणाचं मत कुणी बदललेलं मी पाहिलेलं नाही. कदाचित मत बदललं असतं तर लोक आले नसते. मग भांडायला कोण उरलं असतं?

मी मुनेश्वरांच्या प्रश्नाखाली लिहिलं, "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कोण आहात?" एवढंच. पण मी उत्तर अर्धवट सोडून एकदम हे विचारलं, आणि लोक आले. मुनेश्वर तिथं नव्हते. लोकच होते. "अमेरिका, बायकांच्या घरात डोकावून राह्यली काय?" "ताई, स्क्रीनशॉट ठेवा." "फोटोत झाड लावणारे असेच असतात." "म्हातारा चावट निघाला." कुणी हसण्याची तोंडं टाकली, कुणी रागाची. एका बाईनं, शीला नावाच्या, जिनं माझ्या कुठल्याच मुद्द्याला कधी साथ दिली नव्हती, लिहिलं की आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत. मी ते वाचत गेले आणि मला बरं वाटत गेलं, आणि मग बरं वाटण्यालाच घाण वास यायला लागला, बोंड फोडल्यावर येतो तसा. संध्याकाळी अश्वजित आला. त्यानं लिहिलं, "ही गोष्ट गंभीर आहे. जमनाताईंनी फक्त सांगावं. त्या म्हणतील तर मुनेश्वरांना आत्ता काढतो." आणि सगळे थांबले. नसाबमध्ये नायक बोलायच्या आधी अंगण थांबायचं तसे. यावेळी दाराआडची बोलणार होती.

जिन्यात विमलताई कपडे वाळत घालत होत्या. "तोंड काहून उतरलं तुझं?" म्हणाल्या. "दिवसभर मोबाइलात डोकं. त्यात काय शेती करून राह्यली काय?" मी म्हटलं, "हो, कापूसच." त्या म्हणाल्या, "मंग यंदा पिकणार नाही," आणि स्वतःच हसल्या. मला एकदम त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, चालीत. पण त्यांच्या हातात ओले कपडे होते.

सुनील आला तो धुळीनं भरलेला. मी त्याला फोन दाखवला. आम्ही घरात गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, बोलतो, भांडण आलं की वऱ्हाडीत.

"कोण आहे हा?" त्यानं विचारलं.

"मुनेश्वर. तोच."

"ज्याच्याशी तू रोज भांडते? तूच तर म्हणत होती, त्याले अक्कल आहे म्हणून."

"आहे न."

"मंग काढ त्याले. लेकरू आहे घरात. कोण कुठचा, त्याले काय माहीत असते बाळ." त्यानं पाणी पिऊन गडवा ठेवला. "नाहीतर तूच निघ. काय भेटते तुले तिथं?"

उत्तराची त्यानं वाट पाहिली नाही. त्या दिवशी महागावकडं कुणीतरी त्याच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली होती आणि आमचं पीक परत दे म्हटलं होतं, ते तो मला सांगायला लागला, आणि मी ऐकत असताना माझा अंगठा उगाच हलत होता, दोरी नसताना. मी काढा असं लिहिलं नाही. काढू नका असंही लिहिलं नाही. काढा म्हटलं तर मी सुरक्षित होते, आणि मग दुपारी माझं चुकलं हे मला कोण सांगणार होतं? शीला सांगणार नव्हती. ती पाठीशी होती. आणि काढू नका म्हटलं, आणि तो खरंच पानठेल्यावरचा कुणी असला तर? आई असलेल्या बाईला चूक करायची परवानगी नसते. आराध्याच्या वेळी मी चूक केली की नाही हेच मला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनेश्वरांनी लिहिलं. सोनू माझ्या मांडीवर होता, त्याच्या डोक्यावरून वाचत गेले.

"कालपासून दवाखान्यात होतो, मंडळीचं बीपी वाढलं. आत्ता पाहिलं. माझं पूर्ण नाव उकंडा सखाराम मुनेश्वर. एसटीत कंडक्टर होतो, रिटायर झालो, मुक्काम उमरखेड. जमनाताईले मी पाहिलेलं नाही. त्यांच्या घरातलं मले काहीच माहीत नाही. त्या नेहमी मधातच उठून जातात, अन् तेही जिंकत असताना. हरणारा माणूस उठून जाते, ते मी समजू शकतो. जिंकून राह्यलेला माणूस मधातच उठत नाही. आई उठते. माझी बायको अशीच उठे. मले वाटलं, विचारावं. विचारायला नको होतं. काढायचं असेल तर काढा, राग नाही."

मी ते वाचलं आणि माझ्या लिहिलेल्यात जी बाई मला काल दिसली होती, मतांची, बिनघराची, ती एकदम पुसली गेली. सगळ्या अर्ध्या वाक्यांमध्ये सोनू बसलेला होता. प्रत्येक खिंडारात तो होता, आणि एका माणसानं ते खिंडार वाचलं होतं. खाली मात्र वेगळंच चालू झालं होतं. "उकंडा! म्हणून यू. एस. होय." "अमेरिका उकिरड्यावर सापडली रे." "उकंडराव, नाव बदला आता, वय झालं." हसणारी तोंडं, एकाखाली एक. उकंडा म्हणजे उकिरडा, इथल्या कुणालाही त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि तरी त्यातल्या कुणीही तो पूर्ण वाचला नव्हता. उकंडा हे नाव पहिल्या मुलाला कुणी ठेवत नाही. उकंडाच्या आधी कुणीतरी गेलेलं असतं. एक, दोन, किती, ते नाव सांगत नाही, पण गेलेलं असतं, आणि मग एका बाईनं आपलं लेकरू उचलून उकिरड्यावर ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या बाईच्या हातून, जसं काही परक्याचं, परत घेतलेलं असतं. साठ वर्षांपूर्वी उमरखेडकडं कुठंतरी ती बाई उभी होती, आणि मला तिचे हात दिसले. सूप धरलेले.

मी लिहिलं, "काढू नका. ते बरोबर बोलले. मला बाळ आहे." अश्वजितनं लगेच लिहिलं की विषय संपला. काही लोक हिरमुसले. शीलानं लिहिलं, तुझी मर्जी. मग कुणीतरी नव्या पोस्टमध्ये आरक्षणाचं काढलं आणि सगळे तिकडं धावले. सगळं भांडण तिकडं सरकलं आणि ही जागा नसाब उठल्यावरच्या अंगणासारखी रिकामी झाली. विड्यांची थोटकं, सांडलेलं पाणी, आणि कुणी नाही. तेव्हा मी खाली लिहिलं, तिथंच, सगळ्यांच्या समोर आणि कुणाच्याच समोर नाही:

"काका, तुम्हाला तुमच्या नावाचा राग नाही येत?"

सोनू झोपला, मी त्याला झोळीत घातलं, दोरी अंगठ्याला बांधली. मग उत्तर आलं.

"शाळेत यायचा राग. नोकरीत छातीवर पट्टी होती, तिच्यावर यू. एस. एवढंच घातलं मी. माय हाक मारे तेव्हा नाही यायचा." मग पुन्हा, थोड्या वेळानं, "माझा जन्म दीक्षेच्या आधीचा. मी रांगत होतो तेव्हा गावानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बापानं घरातले सगळे देव पैनगंगेत सोडले. म्हणे पोराचं नाव पण बदलू, चांगलं ठेवू, आता ते जुनं काही राह्यलं नाही. मायनं देव सोडू दिले. नाव नाही सोडू दिलं. म्हणे, मानत तर मी पण नाही आता, पण हे असू द्या."

मानत तर मी पण नाही. मी ते वाचून डोकं भिंतीला टेकवलं. त्या बाईनं सगळे देव पाण्यात सोडले होते, आणि तिच्या हातात भीती तशीच राहिली होती, ओली, जिवंत, आणि तिनं ती लपवली नव्हती, नावात ठेवली होती, रोज दहादा हाक मारून. मी माझी कुठं ठेवली होती? जाळी झाडण्यात. फरशी घासण्यात. कापसाच्या भावात. मी लिहिलं, "माझी पहिली मुलगी गेली." ते मी मराठीत कधी लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच भाषेत लिहिलेलं नव्हतं. ते तिथं कडुलिंबाच्या फोटोखाली दिसायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

त्यांनी लिहिलं, "काय नाव होतं?"

"आराध्या."

"चांगलं नाव आहे," त्यांनी लिहिलं. होतं नाही म्हणाले. आहे म्हणाले. मी रडले, बिनचालीचं, एका हाताच्या पाठीनं नाक पुसत, अंगठा हलवत. मग पुन्हा फोन उजळला: "ताई, कालचं तुमचं अर्धं राह्यलं आहे. राज्य वेगळं झालं समजा. कापसाचा भाव मंग कोण ठरवणार? नागपुरात बसलेला का मुंबईत बसलेला, मले सांगा, बांधावरच्या माणसाले काय फरक?"

मला उत्तर माहीत होतं. ते कालपासून माहीत होतं, मोडणारं वाक्य, त्याच्यापुढं त्यांच्याकडं काही उरलं नसतं. मी लिहायला लागले. फरक हा की, असं लिहिलं. नागपूर जवळ आहे म्हणून नाही, असं लिहिलं. ज्याला आपण निवडून देतो त्याच्या गावातही हाच कापूस पिकत असेल तर, असं लिहिलं, आणि दोरी ताणली गेली. सोनू उठला होता. रडला नाही, नुसता झोळीच्या कडेवरून दोन डोळे काढून पाहत होता, लुगड्याचा काठ तोंडात. मी फोन खाली ठेवला. त्याला उचललं. गरम नव्हता, मी गालानं पाहिलं, मग ओठानं. दाराकडं बघितलं, दारात कुणी नव्हतं, जिन्यात विमलताईंचा आवाज नव्हता. मी तोंड त्याच्या कानाजवळ नेलं आणि याडी म्हणाली होती ते म्हणून पाहिलं, अगदी हळू.

"कचरू."

त्यानं माझ्या कानातलं धरलं आणि ओढलं. मी पुन्हा म्हटलं. खाली सतरंजीवर फोन एकदा उजळला आणि विझला. मी वाकले नाही. मी जिंकत होते, आणि मी कुठं गेले ते त्यांना माहीत होतं.